गाजर धुवायचे पिंप

गाजर जमिनीत वाढते. उपटले की माती घेऊनच वर येते. यात नवल ते काय? पण माती सगळीकडे सारखी नसते. मुरमाड रानातली माती हाताने झटकली तरी बरीचशी पडते. आपल्या पूर्णेकडची काळी माती तशी सुटत नाही. ती पिठाहून बारीक असते. ओली असली की बोटाला चिकटते, वाळली की सिमिटासारखी धरते. गाजर, मुळा, बीट, आले, काहीही काढा. अर्धे पीक आणि अर्धे रान, असे ते घरी येते.

मग ते धुवावे लागते. धुतो कोण?

पौष-माघाच्या पहाटे आपल्या गावच्या ओढ्याकडे जाऊन बघा. साडेतीन-चारचा सुमार असतो. बायका काठावर उकिडव्या बसलेल्या असतात. पदर कमरेला खोचलेला. एका हातात गाजर, दुसऱ्या हातात काथ्याचा चोथा. एकेक गाजर घ्यायचे, घासायचे, बुडवायचे, टोपलीत टाकायचे. दोन क्विंटल माल असला तर असे हजारो वेळा. पाणी बर्फासारखे. पायांच्या बोटांत चिखल्या, हाताला भेगा. आणि घाई तर असतेच. पूर्णा रेल्वेचे जंक्शन आहे. एका अंगाला नांदेड, दुसऱ्या अंगाला परभणी, दोन्ही साधारण ३० किलोमीटरवर. गाडी चुकली की बाजार चुकला.

आमच्या शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अवो, इतकं घासून बी यापारी म्हनतो नीट धुतलं न्हाई. मग ही रात कामून जागायची?"

काकूंचा प्रश्न खरा होता. आम्ही लिहिणारी माणसेही शेतकरीच आहोत. आमचीही पाऊण एकर भाजी आहे. आमच्या घरातही हेच चालले होते. तेव्हा आम्ही ठरवले, यावर काहीतरी करायचे.

मोठी यंत्रे विकत मिळतात. त्यांची किंमत ऐकूनच आम्ही गप्प बसलो. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. आपल्या वसमत-हिंगोली भागात हळद पिकते. हळद शिजवून वाळवली की तिला घासावे लागते. त्यासाठी जाळीचे पिंप असते. मधून दांडा, दोन्ही बाजूंना हँडल. आत हळद भरायची आणि फिरवायचे. कुडी कुडीवर घासते, वरचे साल निघते, हळद चकाकते. हे पिंप आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मग गाजराला तेच का चालू नये?

आम्ही ते करून पाहिले. हळदीचेच पिंप आणले. पाण्याची नळी लावली आणि गाजरे घालून फिरवली. पाच मिनिटांत माती निघाली. आम्ही खूश झालो! पण दुसऱ्या दिवशी बाजारात क्रेट उघडले, तर गाजरांवर काळ्या रेघा. जाळीने साल खरवडले होते, आणि खरवडलेली जागा रात्रीतून काळी पडली होती. माल परत आला. तो आम्ही बैलांना घातला.

चूक कुठे झाली? हळद वाळलेली असते, लाकडासारखी टणक. तिचे साल काढायचेच असते. गाजर रसाळ असते. त्याचे साल राखायचे असते. म्हणजे पिंपाची कल्पना बरोबर, पण आतून ते गुळगुळीत पाहिजे. आणि घासण्याआधी माती भिजून मऊ झाली पाहिजे. आम्ही कोरड्याच चिखलावर जोर लावला होता.

असेच काम दुसरीकडेही चालते. राजस्थानात श्रीगंगानगरजवळ साधुवाली नावाचे गाव आहे. तिथे गंग कालवा आहे, १९२७ साली सुरू झालेला. हिवाळ्यात त्या कालव्याच्या काठी गाजरे धुण्याची रांगच लागते. इंजिनावर फिरणारी यंत्रे गाजरे धुतात आणि तिथूनच माल बाजारात जातो. आपल्याला इंजिन नको. पाऊण एकराला हाताचे हँडल पुरते.

आता पिंपाकडे वळू. त्यासाठी लागते २०० लिटरचे प्लॅस्टिकचे निळे पिंप. जुने मिळते, स्वस्त मिळते. पण घेण्याआधी थांबा. इथे तुमचे नवे शिकलेले वाचन कामाला येते.

जुन्या पिंपात आधी काय होते? ते पिंपावरच लिहिलेले असते. कागद चिकटवलेला असतो, नाहीतर छापलेले असते. ते वाचा. इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बोलवा, त्याच्याकडून वाचून घ्या. खाद्यतेल, फळांचा गर, साखरेचा पाक असे काही असेल तर पिंप घ्यावे. रंग, तेजाब, रसायन, कीटकनाशक असेल तर फुकट मिळाले तरी नको. दुकानदार म्हणेल, "धुऊन घ्या, काही होत नाही." त्याचे ऐकू नका. प्लॅस्टिक अशा वस्तू आतपर्यंत पिऊन घेते. कितीही धुतले तरी थोडे उरतेच. मग ते पाण्यात उतरते, पाण्यातून गाजराला लागते, आणि गाजर तर आपण कच्चे खातो.

कीटकनाशकाच्या डब्यावर एक खूण असते, ती ओळखून ठेवा. टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हे रंग ठरवले आहेत. लाल म्हणजे सर्वांत जहाल. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल खुणेवर कवटी आणि हाडेही असतात. हिरवा सगळ्यांत सौम्य खरा, पण हिरव्या खुणेचा डबासुद्धा खाण्याच्या वस्तूला वापरायचा नाही. आणि कागद फाडून टाकलेला असेल, काहीच वाचता येत नसेल, तर? तर ते पिंप तिथेच ठेवावे आणि पुढे चालावे.

काही जण म्हणतील, लोखंडी पिंप का नको? त्याला गंज चढतो. शिवाय डिझेल-पेट्रोलचे रिकामे पिंप गॅसने कापायला गेले की आत राहिलेली वाफ पेट घेते आणि पिंप फुटते. अशाने माणसे दगावली आहेत. म्हणून लोखंडाच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

चांगले पिंप मिळाले की त्याला भोके पाडायची. भोक बोटाएवढे, पाऊण इंचाचे. दोन भोकांत चार बोटांचे अंतर. भोके ड्रिलने पाडली तर उत्तम. आम्ही तापलेल्या सळईने पाडली. सळई वापरली तर उघड्यावर काम करा, तो धूर नाकात जाऊ देऊ नका. सळई बाहेरून घातली की वितळलेले प्लॅस्टिक आतल्या बाजूला काट्यासारखे उभे राहते. त्यानेही गाजर ओरखडते. म्हणून आत हात घालून प्रत्येक भोक कानशीने साफ करायचे. हे काम कंटाळवाणे आहे. आमचे दोन दिवस त्यातच गेले. पण ते टाळले तर आमच्या हळदीच्या पिंपासारखीच गत होईल.

मग मधला दांडा. एक इंची लोखंडी पाइप, पाच फूट लांब. पिंपाच्या दोन्ही तोंडांना बरोबर मध्यावर भोक पाडून तो आरपार घालायचा. नुसता घातला तर प्लॅस्टिक फाटते. म्हणून तोंडाला आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन गोल फळ्या लावायच्या, आणि चार नट-बोल्टांनी आवळायच्या. बाहेरच्या फळीला पाइप पक्का करायचा, म्हणजे पाइप फिरला की पिंप फिरते. पाइपाच्या एका टोकाला लोहाराकडून हँडल करून घ्यायचे.

पिंपाच्या पोटाला एक झडप कापायची. एक फूट रुंद, दोन फूट लांब. कापलेला तुकडा टाकू नका. त्यालाच बिजागरी आणि कडी लावली की झडप झाली.

आता हौद. पिंप आडवे ठेवले की साधारण तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद भरते. म्हणून हौद आतून चार फूट लांब, अडीच फूट रुंद बांधावा. भिंत सव्वा फूट उंच. पाणी एक फूट भरायचे. किती पाणी लागेल? हिशेब करा. चार गुणिले अडीच म्हणजे दहा. एक फूट खोल, म्हणून दहा घनफूट. एका घनफुटात २८ लिटर पाणी मावते. म्हणजे २८० लिटर.

हौदाच्या दोन्ही भिंतींवर बाभळीचे ठोकळे बसवायचे. त्यांना वरून खाच पाडायची. खाचेत दांडा टेकतो आणि फिरतो. बैलगाडीचे वंगण थोडे लावले की कुरकुर थांबते. पिंपाचे पोट पाण्यात आठ बोटे बुडाले पाहिजे, आणि हौदाच्या तळापासून चार बोटे वर राहिले पाहिजे. ही खालची जागा गाळासाठी आहे. माती खाली बसते आणि पुन्हा गाजराला लागत नाही. तळाला कोपऱ्यात एक भोक ठेवून त्याला बूच मारायचे.

आणि एक गोष्ट विसरू नका. हौद जमिनीवर बांधू नका, दीड फुटी ओट्यावर बांधा. मग हँडल कमरेशी येते आणि उभ्याने फिरवता येते. आम्ही पहिल्यांदा हौद जमिनीलगत बांधला होता. सगळे केले आणि बाई माणूस पुन्हा वाकलेलेच! घरच्या लोकांनी ते ऐकवले, आणि योग्यच ऐकवले. मग मोडून पुन्हा बांधला.

हे सगळे झाले की धुवायचे कसे? आधी गाजराचा पाला काढा. मग गाजरे टोपलीसकट पाण्यात भिजत घाला, दहा-पंधरा मिनिटे. वाळलेली काळी माती पाणी पिते, फुगते आणि आपोआप सैल होते. भिजवण्यात वेळ जातो असे वाटते, पण तोच वेळ घासण्यातून वाचतो. मग २० किलो गाजरे पिंपात घाला. पिंप गच्च भरू नका. जागा असली तरच गाजर गाजरावर लोळते, आणि लोळले तरच माती सुटते.

आता फिरवा, पण हळू. मनात एक-दोन-तीन-चार म्हणा आणि तेवढ्यात एक फेरा पुरा होऊ द्या. पोरे जोरात फिरवतात. त्यांना वाटते लवकर धुऊन होईल. होते उलटेच. गोफण गरगर फिरवली की दगड बाहेरच्या बाजूला दाबून राहतो, खाली पडत नाही. तसेच गाजर पिंपाच्या भिंतीला चिकटून फिरते, लोळत नाही. असे ६० फेरे मोजा. बहुतेक वेळा पुरतात. माती फार असेल तर आणखी २०. मग झडप समोर आणून गाजरे फळीवरून बाहेर ओढा. तळाची चार-दोन हाताने काढावी लागतात. त्यावर आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही.

चार खेपा झाल्या की हौदातले पाणी चिखल होते. बूच काढा, ते पाणी केळीला नाहीतर लिंबाच्या आळ्यात जाऊ द्या. गाळही वाया जात नाही. तो आपल्याच रानाचा आहे.

पण गाजर स्वच्छ दिसले म्हणजे स्वच्छ झाले का? नाही. इथे नीट लक्ष द्या.

आपली पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे ओलांडून आपल्याकडे येते आणि कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते. एवढ्या वाटेत किती गावे लागतात? प्रत्येक गावाचे सांडपाणी, गुरे, धुणे, सगळे त्यात येते. ओढ्याचे आणि कालव्याचेही तेच. असल्या पाण्यातून हगवण, विषमज्वर, कावीळ आणि जंत पसरतात. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. गाजर कच्चे खाल्ले जाते, मुळा कच्चा, कोथिंबीर कच्ची. नांदेडला कोणाच्या तरी लेकराने ते गाजर खाल्ले आणि आजारी पडले, तर आपल्याला कधी कळणारही नाही. आणि बाजारातून उरलेला माल घरी येतो, तो आपलीच लेकरे खातात.

म्हणून पहिले पाणी कसेही असले तरी एक वेळ चालेल, पण शेवटचे पाणी पिण्याजोगे पाहिजे. आपण ज्या पाण्याचा तांब्या पाहुण्याला देऊ, तेच पाणी शेवटी गाजरावर घालायचे.

विहिरीच्या पाण्याची खात्री नसेल तर त्यात ब्लीचिंग पावडर घालतात. १००० लिटर पाण्याला चांगल्या पावडरचे अडीच ग्रॅम पुरतात. आधी बादलीभर पाण्यात पावडर कालवा. चुना खाली बसू द्या. वरचे निवळ पाणी टाकीत ओता आणि तासभर थांबा. जुन्या, उघड्या पिशवीतली पावडर घेऊ नका, तिचा जोर उडून गेलेला असतो. हौदातल्या गढूळ पाण्यात पावडर टाकण्यातही अर्थ नाही. चिखलच ती खाऊन टाकतो, जंतू तसेच राहतात.

हे शेवटचे पाणी घालायला आम्ही जुनी बाज वापरतो. तिची सुंभाची विण काढून टाकली आणि प्लॅस्टिकच्या दोरीने विरळ विणली. पायांना ठोकळे लावून ती कमरेइतकी उंच केली. खाली पत्रा टाकला, त्याचा उतार हौदाकडे. पिंपातली गाजरे बाजेवर पसरायची आणि वरून झारीने चांगले पाणी घालायचे. ते पाणी पत्र्यावरून हौदात जाते आणि पुढच्या खेपेला कामाला येते. पाणी दोनदा वापरले जाते, पण नेहमी स्वच्छाकडून मळक्याकडे, उलटे कधीच नाही. गाजरे तिथेच सावलीत निथळू द्यावीत. ओलीच पोत्यात कोंबली तर गरम होतात आणि बुळबुळीत होतात.

पालेभाजीला मात्र पिंप लावू नका. आम्ही एकदा मेथी घातली होती. तिची काय दशा झाली ते विचारू नका. मेथी, पालक, कोथिंबीर यांच्या जुड्या बांधायच्या, मुळांकडची बाजू पाण्यात खळबळायची, दुसऱ्या चांगल्या पाण्यात सगळी जुडी बुडवून झटकायची आणि बाजेवर उभी करायची. वर ओले गोणपाट.

आणि काही माल धुवायचाच नसतो. कांदा, लसूण, बटाटा यांना पाणी लागले की ते कुजतात. माती वाळू द्यावी आणि हाताने झाडावी. भेंडी, गवार कोरड्या फडक्याने पुसावी. रताळी लगेच विकायची असतील तर धुवावी, ठेवायची असतील तर मातीसकट ठेवावी.

राहिला काकूंचा प्रश्न. एवढे करून फायदा होतो का? वही घ्या आणि मांडून बघा. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारचे घाला.

समजा २०० किलो मातीची गाजरे आहेत. भाव १२ रुपये किलो. २४०० रुपये झाले. तीच धुतली तर भाव १५ रुपये मिळतो. पण धुतल्यावर माती जाते, वजन घटते. समजा १९० किलो भरली. १९० गुणिले १५ म्हणजे २८५०. जास्तीचे ४५० रुपये. वाटते, झाला फायदा!

थांबा. धुवायला चार बायका तीन तास बसल्या. चार त्रिक बारा. बारा तास झाले. घरचेच हात म्हणून आपण ते धरत नाही. या वहीत ते धरायचे. तासाला ५० रुपये धरले तर ६०० रुपये होतात. मिळाले ४५०, गेले ६००. म्हणजे ओढ्याच्या काठी आपण १५० रुपये घालवत होतो, आणि हाताला भेगा पडल्या त्या वेगळ्याच.

आता पिंपाचा हिशेब. २० किलोच्या दहा खेपा. एका खेपेला भरणे, फिरवणे, काढणे मिळून बारा मिनिटे धरा. दोन तास झाले. दोन माणसे, म्हणून चार तास. चार तासांचे २०० रुपये. ४५० मधून २०० गेले, २५० उरले. पिंप, पाइप, लाकूड, विटा, सिमिट, लोहाराची मजुरी मिळून समजा ५००० रुपये लागले. ५००० भागिले २५० म्हणजे २०. वीस बाजारांत पैसे फिटले. गाजराच्या दोन हंगामांत हे होऊन जाते.

पण धुतलेल्याला एकच रुपया जास्त मिळत असेल तर? १९० गुणिले १३ म्हणजे २४७०. फक्त ७० रुपये जास्त, आणि मजुरी २००. मग सगळा माल धुऊ नये. म्हणून माल काढण्याआधी व्यापाऱ्याला दोन्ही भाव विचारा, धुतलेल्याचा आणि न धुतलेल्याचा. विचारले की लगेच वहीत लिहा, शेजारी तारीख लिहा. आमच्या काकूंनी या हंगामापासून अशी वही ठेवली आहे. त्यात त्यांनी एक रकाना जास्तीचा आखला आहे. त्याच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, "माजे तास".